चालेल

त्या शांततेला अकरा सेकंद झाले होते. निखत मुजावर यांच्या टेबलावरच्या घड्याळात ते दिसत होते आणि मोजू नयेत असं वाटत असूनही मी ते मोजत होतो. त्यांनी हातात धरलेल्या चित्रात एक पितळी तांब्या होता, शेजारी फुलपात्र. आई चित्राकडे पाहत होती. तांब्या तिला कळत होता. त्यातल्या पाण्याचा गारवासुद्धा कळत असावा. ओठ एकमेकांजवळ येत, एखाद्या अक्षराच्या उंबऱ्यावर थबकत आणि रिकामेच विलग होत.

"सावकाश, काकू," निखत म्हणाल्या. "काय आहे हे?"

आणि आई बोलली. स्पष्ट, ठाशीव, कुठेही न अडखळता.

"चालेल."

निखतनी दुसरं चित्र उचललं. छत्री. आई म्हणाली, चालेल. मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. हा कोण? आईनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत ओळख काठोकाठ होती. अडतीस वर्षांची, माझ्या जन्माइतकी जुनी. ओठ हलले.

"चालेल," ती म्हणाली, आणि चुकलं हे तिला आमच्या आधी कळलं. तिनं मान खाली घातली.

निखत वाचोपचारतज्ज्ञ. गेले तीन महिने आईवर त्यांचेच उपचार चालले होते. त्या मला बाहेरच्या व्हरांड्यात घेऊन गेल्या. आजचा झटक्यानंतरचा एक्क्याण्णवावा दिवस, त्या म्हणाल्या. जे रुजायचं ते बहुतेक रुजून झालं. पण त्यांना कोडं वेगळंच पडलं होतं. पाणी, भूक, दुखतंय, माझं नाव मिहिर, केतकी असे दोनशे शब्द त्यांनी निवडले होते. त्यातला एकही घट्ट बसला नव्हता. जो बसला होता तो यादीत नव्हताच.

"इतका पक्का शब्द आपोआप येत नाही, सर. शेकडो वेळा घोटलेला आहे तो. घरी कोणी शिकवला?"

मी माहीत नाही म्हणालो. ते वाक्य तोंडातून बाहेर पडेपर्यंत खरं होतं.

*

आईला, म्हणजे जयमाला दांडेकर यांना, झटका आला तो संक्रांतीनंतरच्या आठवड्यात. तेहतीस वर्षं ती नाशिकच्या बसस्थानकावर उद्घोषक होती. धुळे, मालेगाव, सटाणा, पेठ. उत्तर महाराष्ट्रातल्या निम्म्या गावांची नावं लोकांनी तिच्या आवाजात ऐकलेली. त्या आवाजात घाई नसे. उशीर झालेल्या गाडीची बातमीही ती अशी देई, की थांबणं हीसुद्धा प्रवासाचीच एक रीत वाटावी. मेंदूतल्या एका गुठळीनं तो आवाज एका सकाळी नेला. समज शिल्लक राहिली, हातपाय शिल्लक राहिले. शब्द तेवढे गेले.

डॉक्टरांनी समजावलं ते असं. बोलण्याचा हेतू मेंदूत एका ठिकाणी उमटतो आणि ओठांना, जिभेला आज्ञा दुसऱ्या ठिकाणाहून जाते. आईच्या बाबतीत हे दोन्ही काठ शाबूत होते. मधला पूल वाहून गेला होता. तो नव्यानं बांधण्यासाठी आता एक पट्टी निघाली होती. कपाळावर, जरा डावीकडे बांधायची. आई मनात 'पाणी' म्हणे, तेव्हा मेंदूत उठणारे सूक्ष्म विद्युत तरंग ही पट्टी टिपायची आणि टॅबमार्फत दूरच्या एका अवाढव्य संगणकाकडे पाठवायची. एवढी आकडेमोड घरच्या यंत्राच्या आवाक्यातली नव्हती. तो संगणक शब्द ओळखून आईच्याच आवाजात परत पाठवी. आपण म्हटलं आणि आपल्या कानांनी ऐकलं, असं मेंदूला हजारो वेळा पटलं की शेजारच्या पेशी हळूहळू ते काम अंगावर घेत आणि पुढे पट्टीशिवायही शब्द फुटू लागत.

अट वेळेची होती. शब्द पाव सेकंदाच्या आत परतला पाहिजे. त्याहून उशीर झाला, तर मेंदू त्या आवाजाला आपला म्हणत नाही. शेजारच्या खोलीत कुणीतरी काहीतरी बोललं, एवढीच त्याची नोंद. दुसरी अटही वेळेचीच. झटक्यानंतर मेंदूची माती साधारण नव्वद दिवस मऊ असते, मग ती घट्ट होत जाते.

आवाजाचा नमुना हवा होता. घरच्या चित्रफितींत आईचा आवाज जवळजवळ नव्हताच. प्रत्येक वाढदिवसाला तीच कॅमेरा धरून उभी. मध्येच एखादं "तुम्ही घ्या रे आधी", तेही कॅमेऱ्यामागून. शेवटी निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी दिलेला एक पेनड्राइव्ह सापडला. त्यात सात तासांच्या उद्घोषणा होत्या. त्यांतून तिचा आवाज घडवला. पहिल्याच दिवशी दवाखान्यात आईनं मनात पाणी मागितलं, आणि टॅबमधून ते असं निघालं, की पाच नंबरच्या फलाटावर धुळ्याची गाडी लागली असावी. शर्वी, माझी चौदा वर्षांची मुलगी, खुदकन हसली. आईनं तोंडावर हात धरला आणि तीही हसली, झटक्यानंतर पहिल्यांदाच. आम्हाला वाटलं, अर्धं काम झालं.

*

माझं काम शब्दांचं आहे. घराघरांत इंटरनेट वाटून देणारे राउटर बनवणाऱ्या एका कंपनीत मी आहे. त्यांची यंत्रं मराठी घरांत मराठी बोलतात, ते मराठी मी लिहितो.

राउटरची गोष्ट थोडक्यात सांगता येते. घरात उपकरणं वीस असली, तरी त्यांना बोलायला हवा एकच असते. एका वेळी एकानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. दोघं एकदम बोलले तर दोघांचेही शब्द फुकट जातात. मग दोघंही मागे सरतात, मनाशी एक आकडा धरतात, तो मोजून होईपर्यंत गप्प राहतात आणि पुन्हा हवा मोकळी आहे का ते ऐकतात. हे एका सेकंदात शेकडो वेळा चालतं. जुन्या राउटरांना सगळे सारखे असत. पण सगळ्यांची निकड सारखी नसते. चित्रपट चार क्षण आधी साठवून ठेवता येतो, संभाषण येत नाही. नव्या यंत्रानं म्हणून निकड शिकायला घेतली. गर्दी झाली की ते संबंधित माणसालाच, त्याच्या पडद्यावर, विचारी, थांबू शकता का. उत्तरं साठवून कोण किती थांबू शकतो याचा अंदाज बांधी, आणि अंदाज पक्का झाला की विचारणं बंद करी. चांगला वाढपी पुढेपुढे न विचारताच वाढतो, तसं.

वाढप्याची ही उपमा माझीच. या सोयीला मराठीत 'पंगत' हे नावही मीच दिलं. मूळ इंग्रजीत प्रश्नाखाली होय आणि नाही एवढंच होतं. मला ते कोर्टातल्यासारखं वाटलं. कवितेवर पोसलेल्या माणसाला रुक्ष शब्द दाताखालच्या खड्यासारखा लागतो. मी लिहिलं, 'थांबाल का?' आणि त्याखाली दोन बटणं : 'चालेल' आणि 'माझं आधी'. कंपनीत सगळ्यांना ते फार आवडलं. यंत्र आपल्या घरातलं वाटतं, माझ्या वरिष्ठ रोहिणी अंतुरकर म्हणाल्या होत्या. मलाही तसंच वाटलं होतं.

आई दुपारी चार ते सहा तिच्या खोलीत पट्टी बांधून बसे. त्याच वेळी केतकी, माझी बायको, आडगावांतल्या दवाखान्यांतून आलेली क्ष-किरण चित्रं तपासून अहवाल देई. तिच्या पलीकडे कुणाचा तरी मोडलेला हात ताटकळत असे. शर्वीचा आभासी दृश्यांचा चष्मा लावून घरूनच करायचा नृत्याचा वर्ग असे. आणि मी, आईच्या भिंतीच्या अलीकडे, 'पंगत'च्या पुढच्या आवृत्तीसाठी नेमके शब्द शोधत असे.

दवाखान्यात आईचे शब्द येत आणि घरी येत नसत. तिसऱ्या आठवड्यात निखतना शंका आली. त्यांनी पट्टी बदलून दिली. त्या स्वतः घरी आल्या. आम्ही सगळे आपापली कामं टाकून आईच्या खोलीत तिच्याभोवती जमलो, आणि पट्टी उत्तम चालली. पाणी. खिडकी. शर्वी. पुढच्या महिन्यात पुन्हा आल्या, पुन्हा तेच. एकटी असली की आई मन लावत नसेल, त्या नाइलाजानं म्हणाल्या. मीही एकदा तिला रागावलो. जरा प्रयत्न कर, आई, म्हणालो. तिनं टॅबकडे बोट दाखवलं, मग दाराकडे, मग भिंतीकडे. भिंतीपलीकडे माझं टेबल होतं. मला काहीच समजलं नाही. तिनं हात खाली घेतला.

आता समजतं. आम्ही तिच्याभोवती जमत होतो तेव्हा घरातली हवा मोकळी होत होती.

*

दवाखान्यातून परतल्यावर मी घरच्या राउटरची, तो आमच्याच कंपनीचा, आतली नोंदवही उघडली. ती कशी वाचायची हे मला कामामुळे माहीत होतं. आईच्या टॅबची ओळ शोधायला वेळ लागला नाही. यंत्रानं ती सर्वांत खाली ठेवली होती.

पहिल्या छत्तीस दिवसांत यंत्रानं तिला चारशे बारा वेळा विचारलं होतं, थांबाल का. चारशे बारा वेळा तिनं चालेल म्हटलं होतं. 'माझं आधी' एकदाही नाही. छत्तिसाव्या दिवसानंतर यंत्रानं विचारणं सोडून दिलं होतं. तिथून पुढे गर्दीच्या वेळी तिचा शब्द दोन-दोन, तीन-तीन सेकंदांनी परतला होता. ती मनात पाणी म्हणत होती, आणि पाणी येईपर्यंत तहान दुसऱ्याच कुणाची तरी झालेली असे.

ज्या यंत्रांवर श्वास किंवा हृदय अवलंबून असतं, त्यांना यात कुणी थांबवत नाही. पट्टीची नोंद मात्र 'शिक्षण' या सदरात झाली होती.

पण हा शब्दच का रुजला? तेही नोंदवहीत होतं आणि त्यातही माझाच हात होता. झटक्यानंतर वाचायला त्रास होणाऱ्यांसाठी मी टॅबवर एक सोय सुरू करून दिली होती. बटण दाबलं की त्यावरचा शब्द मोठ्यानं, तिच्याच आवाजात उमटे. तो आवाज दुरून येत नव्हता. तो टॅबमध्येच साठवलेला. त्याला कुणाची वाट पाहावी लागत नव्हती. मनात हेतू, अंगठ्याखाली बटण, आणि पाव सेकंदाच्या आत कानात स्वतःचा आवाज. मेंदू जिची वाट पाहत होता ती अट त्या एका शब्दानं चारशे बारा वेळा पाळली होती, माती सर्वांत मऊ असताना. पूल बांधला गेला होता. त्यावरून एकच शब्द येऊ शकत होता.

मी तो आवाज कुठून घेतला गेला तेही शोधलं. पेनड्राइव्हवरच्या एका उद्घोषणेचा तो तुकडा होता. "प्रवाशांनी कृपया नोंद घ्यावी, ही गाडी आज मालेगावपर्यंतच चालेल." यंत्रानं गाडीही कापली होती आणि मालेगावही.

*

केतकीला सगळं सांगितलं तेव्हा ती ओट्याशी उभी होती. गॅस बंद करून ती ऐकत राहिली. मी बोललो ते बहुतेक यंत्राविषयीच होतं. सदर चुकलं, मर्यादा चुकली, अंदाज चुकला. तिनं मला पुरतं बोलू दिलं.

"आईंनी 'माझं आधी' दाबलं असतं असं वाटलं होतं तुला?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, गरज असती तर कुणीही दाबलं असतं.

"कुणीही. आई नाही. अरे, 'चालेल' म्हणजे हो नसतं, मिहिर. चालेल म्हणजे, मला परत एकदा विचार." मग तिचा आवाज खाली आला. "मीही दाबत होते 'माझं आधी'. रोज. पलीकडे ती आहे हे माहीत असून. पण तू सांग, तू तिला दुसऱ्यांदा कधी विचारलं होतंस? कशालाही?"

त्या प्रश्नाला वळसा घालायला मी बरंच मागे गेलो आणि कुठेच जागा सापडली नाही. हा फ्लॅट घेतला तेव्हा मी तिला स्वयंपाकघरालगतची छोटी खोली दाखवली होती. आई, ही चालेल ना? निवृत्तीनंतर तिला गाणं शिकायचं होतं. शर्वी जरा मोठी होऊ दे, मग बघू, चालेल? बाबा गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात तिला एकदा सटाण्याला, तिच्या बहिणीकडे, एसटीनं जायचं होतं. फलाटावरून, प्रवासी म्हणून. मी गाडी करून देतो म्हणालो, मग ते राहूनच गेलं. प्रत्येक वेळी तिनं तो शब्द दिला होता आणि प्रत्येक वेळी मी तो हो म्हणून उचलला होता. पंगत म्हटलं की पहिला नकार ऐकून वाढपी पुढे जात नाही, पुन्हा वाकतो. ताटावर आडवा धरलेला हात त्या दुसऱ्या वाकण्यासाठीच असतो. यंत्राला मी पंगत हा शब्द दिला होता. आग्रह द्यायचा राहिला होता, कारण तो माझ्याकडेही नव्हता.

मी कंपनीत लिहून कळवलं, की निदान दोनदा विचारायला हवं. रोहिणीबाईंनी आपुलकीनं चौकशी केली, आईसाठी काही लागलं तर सांगा म्हणाल्या. मग त्यांनी एक तक्ता दाखवला. साऱ्या भाषांत मराठी घरांतून तक्रारी सर्वांत कमी होत्या. साठीच्या पुढच्या स्त्रियांकडून एकही नव्हती. जिथे कुणाची तक्रारच नाही तिथे बदल कशासाठी मागायचा, असं त्यांनी मला अगदी मनापासून विचारलं. मी त्या तक्त्यातल्या कोऱ्या रकान्याकडे पाहत राहिलो. किती घरांतल्या किती खोल्या त्यात होत्या कोण जाणे.

त्यानंतरचे पंधरा दिवस चार ते सहा आम्ही घरातलं सगळं बंद ठेवलं. केतकीनं तिची वेळ सकाळची करून घेतली. शर्वीनं वर्ग सोडला, आजीला कळू न देता. आई पट्टी बांधून बसे. हवा इतकी मोकळी, की राउटरचा हिरवा दिवा एका लयीत, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखा मिटे-उघडे. तिनं मनात उच्चारलेला प्रत्येक शब्द आता वेळेवर परतत होता. पाणी. खिडकी. मिहिर. टॅबमधून तो आवाज घरभर फिरे आणि आम्ही तिघं बाहेर जमिनीकडे बघत बसू. पट्टी काढली की मागे एकच शब्द उरे.

निखतनी सोळाव्या दिवशी पट्टी परत नेली. जाताना त्या आईच्या पाया पडल्या.

*

रविवारी सकाळी आई गॅलरीत मेथी निवडत बसली होती. ऊन अजून कोवळं होतं. मी तिच्यासमोर फरशीवर बसलो, लहानपणी अभ्यास घेऊन बसायचो तसा, आणि सगळं सांगितलं. तो प्रश्न मी लिहिला होता हे सांगितलं. ती बटणंही. तिनं भिंतीकडे बोट दाखवलं होतं तो दिवस मला आठवतो हे सांगितलं. छोट्या खोलीचं सांगितलं, सटाण्याचं सांगितलं. ती ऐकत होती. तिला सगळं कळत होतं. कळणं तिच्याकडे पहिल्यापासून पूर्ण होतं. बोटं पानं खुडत होती, काड्या वेगळ्या पडत होत्या. मी सटाण्याशी आलो तेव्हा बोटं थांबली.

"आई," मी म्हणालो, "मला माफ करशील?"

विचारतानाच माझ्या लक्षात आलं, की मी पुन्हा तेच केलं होतं. तिच्याकडे असलेला एकुलता एक शब्द बसेल, अशाच आकाराचा प्रश्न मी बेतला होता. तिनं फक्त तो उच्चारायचा होता, आणि मी तो हो म्हणून उचलणार होतो.

तिनं माझ्याकडे पाहिलं. ओठ किंचित उघडले. जीभ टाळूला टेकलेली मला दिसली. त्या शब्दाचं पहिलं अक्षर तिथे तयार होतं, त्याला कसलाही अडथळा नव्हता. तो तेवढा एक शब्द तिला कधीही, कुठेही म्हणता येत होता.

तिनं ओठ मिटले.

खाली रस्त्यावरून एक बस गेली. तिचा आवाज वळणापर्यंत ऐकू आला, मग तोही आला नाही.

"आई," मी दुसऱ्यांदा विचारलं. आयुष्यात पहिल्यांदाच दुसऱ्यांदा. "करशील का?"

तिनं मांडीवरचं ताट बाजूला ठेवलं. पदरावर अडकलेली दोन पानं काढून त्यात टाकली. कठड्याला धरून उठली, क्षणभर तोल सावरत उभी राहिली; मी पुढे केलेला हात तिनं घेतला नाही. मग मला वळसा घालून, पावलं मोजत, ती आत चालू लागली.